मशीनची गोधडी आणि तिचा ‘पाय’

सुरत म्हटलं की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन सालं आठवतात. आमच्या बैठकांतही चर्चा तिथूनच सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. पण आज सुरतेत जो मोठा मराठी समाज आहे त्याचा त्या स्वाऱ्यांशी काही संबंध नाही. तो रेल्वेने आला आणि कापडावर टिकला. तापीच्या खोऱ्यातून सुरत आणि अमळनेर जोडणारी तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास पूर्ण झाली आणि खानदेशाला सुरत जवळची झाली. पुढे यंत्रमाग वाढले तशी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं येत गेली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज मराठी सहज कानावर पडते, आणि महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत.

या माणसांच्या बोचक्यात गोधडी होती. इथे आल्यावर ती बदलली. सुती लुगड्याच्या जागी पॉलिस्टरची साडी आली, हातशिलाईच्या जागी मशीनची टीप आली. आपल्या मंडळाने घरगुती कापडाच्या नोंदी करायला घेतल्या तेव्हा हाताची गोधडी ‘वारसा’ या रकान्यात गेली आणि मशीनची ‘बाजारू’ म्हणून बाजूला पडली. माझं म्हणणं असं आहे की ही विभागणी चुकीची आहे. मशीनच्या गोधडीतही शिवणारीची अक्कल असते. ती शोधायची तर मशीनच्या एका बोटाएवढ्या भागाकडे बघावं लागतं. तो म्हणजे प्रेसर फूट. शिंपी त्याला नुसता ‘फूट’ म्हणतात, आमच्याकडच्या बायका ‘पाय’ म्हणतात. मी इथे पायच म्हणणार आहे.

मी शिक्षणाने आणि नोकरीने यांत्रिकी अभियंता. इतिहास हा पुढे स्वतःच लावून घेतलेला नाद. म्हणून हा विषय नुसता कागदावर न ठेवता गेली दोन वर्षं लिंबायतमधल्या एका मावशींकडे मशीनवर गोधडी शिवायला शिकलो. खाली जे लिहिलंय त्यात थोडं वाचलेलं आहे आणि बरंचसं त्यांच्या मशीनवरचं आहे.

सुरत आणि रजई

थर एकावर एक ठेवून टाक्यांनी एकजीव करायचे, हे काम सुरतेला नवं नाही. मोगल काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. १६१३ मध्ये इंग्रजांची वखार इथे बसली, आणि १७ व्या शतकाच्या सुरुवातीच्या कंपनीच्या पत्रव्यवहारात इथून पाठवायच्या मालात रजयांचाही विचार झालेला दिसतो. त्याआधीपासून पोर्तुगीज लोक गुजरात आणि बंगालमधून भरतकाम केलेल्या रजया नेत होते. त्यांतल्या काही आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. तो श्रीमंतांचा माल. रेशीम, छापील सुती कापड, बारीक टाका.

गोधडीची रीत वेगळी. ती विकायला शिवलेली नसते. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे कपडे यांचे थर घालायचे, वर ठिगळं मांडायची आणि धावदोऱ्याने सगळं बांधून टाकायचं. बऱ्याच जुन्या गोधड्यांत दोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घेत मध्याकडे जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेकडून आत शिवली जाते. ही दिशा लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

पाय आला कुठून

शिवणयंत्राच्या गोष्टीत सुईचं कौतुक फार होतं, पायाचं कुणी करत नाही. एलियस होवे या अमेरिकन माणसाने १८४६ मध्ये दुहेरी दोऱ्याच्या टाक्याचं, म्हणजे लॉकस्टिचचं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्रात सुई वाकडी होती आणि आडवी चालायची. कापड एका धातूच्या पट्टीवर टाचण्यांना उभं अडकवायचं. पट्टी संपली की शिवण थांबली, कापड काढा, पुन्हा अडकवा. टाका चांगला, पण कापड पुढे न्यायची सोय लंगडी.

१८५१ मध्ये आयझॅक सिंगरने सुई उभी केली, कापड सपाट पाटावर आणलं आणि ते दाबून धरायला स्प्रिंगवर हलणारा पाय दिला. यामागचं कारण साधं आहे. सुई कापडातून वर येताना कापडाला बरोबर ओढते. कापड उचललं गेलं तर सुईमागे दोऱ्याचा जो फास तयार व्हायला हवा तो नीट होत नाही, खालच्या शटलला तो सापडत नाही आणि टाका सुटतो. पाय कापडाला खाली धरून ठेवतो म्हणून फास पडतो. मग १८५४ मध्ये ॲलन विल्सनने आजही प्रत्येक साध्या मशीनमध्ये असते ती दात्यांची चाल पेटंट केली. दाते वर येतात, कापड सरकवतात, खाली जातात, मोकळेच परत येतात. चार हालचाली, एक टाका.

या दोन गोष्टी जुळल्या आणि मशीन घरात शिरलं. भारतात सिंगर कंपनीचा जम बसवला तो मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी, १९ व्या शतकाच्या अखेरच्या आणि २० व्याच्या पहिल्या दशकांत. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मधल्या एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. १९३० च्या दशकात कोलकात्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सचं उषा मशीन तयार होऊ लागलं. पुढे लुधियानाच्या छोट्या कारखान्यांनी मशीनचे सुटे भाग इतके स्वस्त केले की आज साधा पाय हरवला तर कुणाला वाईट वाटत नाही.

सिंगरने १८८९ च्या पेटंटची एक लाकडी घडीची पेटी काढली होती. तिच्यात मशीनला लावायची जोडसाधनं असत. चुण्या घालायचं, गोट लावायचं, दुमड घालायचं, आणि त्यांतच एक ‘क्विल्टर’. आखूड पाय आणि त्याच्या बाजूला पुढे-मागे होणारी एक वाकवलेली दांडी. दांडी आधीच्या टिपेवरून चालवायची, म्हणजे पुढची टीप बरोबर तेवढ्याच अंतरावर पडते. खडूची रेघ नको, पट्टी नको. म्हणजे मशीनवर थर शिवायचे तर वेगळा पाय लागतो, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती.

थर सरकतात ते का

आता मूळ अडचण. साध्या पायाला दोन उलट कामं सांगितलेली असतात. कापड घट्ट धर, आणि तेच कापड जाऊही दे. एक थर असेल तर हे जमतं. तीन थर असले की घोळ होतो. खालच्या थराला दाते सरकवतात. वरच्या थराला कुणीच सरकवत नाही, उलट पायाचं घर्षण त्याला अडवतं. मध्ये फायबरचा मऊ थर असतो, तो दबतो आणि दोघांना एकमेकांवरून घसरू देतो.

समजा एक टाका ३ मिलिमीटरचा आहे आणि दर टाक्याला वरचं कापड फक्त ०.०५ मिलिमीटर मागे राहतं. डोळ्याला दिसणारही नाही. पण १.८ मीटर लांबीच्या गोधडीत एका टिपेत ६०० टाके येतात. टीप संपते तेव्हा वरचं कापड ३० मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास, मागे राहिलेलं असतं. ते कुठे जाणार? आडवी टीप आली की तिथे चुणी पडते.

जुन्या सुती लुगड्यात हा त्रास कमी. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत सुताला धरतं. पॉलिस्टरचा तंतू गुळगुळीत, तो सोडून देतो. सुरतेत चिंध्या, कटपीस, जुन्या साड्या, जे हाताशी येतं ते बहुतेक पॉलिस्टर. म्हणून थर सरकण्याची अडचण इथल्या बाईला गावच्या तिच्या आईपेक्षा जास्त आली, आणि तिचं उत्तरही तिलाच शोधावं लागलं.

हाताच्या गोधडीत ही अडचण का नव्हती? कारण हाताची सुई कापडाला ढकलत नाही. ती सगळे थर एकदम उचलते, दोरा ओढला की थर जिथल्या तिथे बसतात. म्हणून आधी कडा पक्क्या करून आत जाता येतं. मशीन मात्र ढिलं कापड सतत पुढे लोटत असतं. कडा आधी बंद केल्या तर ते ढिलं मध्यभागी कोंडतं. म्हणून मशीनवर मधून बाहेर जावं लागतं, म्हणजे सैलपणा कडेने निघून जातो. हाताची गोधडी कडेकडून आत, मशीनची मधून बाहेर. हा बदल कुण्या पुस्तकाने शिकवलेला नाही. मावशींना विचारलं की असं का करता, तर म्हणाल्या, “भाऊ, वारा निघायला दार नको का ठेवायला?” पदवीला असताना हेच मला पाच ओळींत लिहावं लागलं असतं.

कोणत्या कामाला कोणता पाय

नव्याने शिकणाऱ्यांनी तीस-बत्तीस पायांचा डबा घेऊ नये. गोधडीला चार-पाचच लागतात. पण पाय घेण्याआधी आपल्या मशीनचा दांडा बघा, ज्याला इंग्रजीत शँक म्हणतात. पाय खाली सोडून त्याच्या तळापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण पाऊण इंच भरलं तर लो शँक, घरगुती मशीनवर बहुधा हेच असतं. सव्वा इंचाच्या आसपास असेल तर हाय शँक, जो कारखान्याच्या मशीनवर जास्त दिसतो. चुकीच्या उंचीचा पाय एकतर पाटाला टेकत नाही किंवा सुईवर आपटतो.

साधा पाय. दोन पातळ सुती थर, सरळ टीप, एवढ्याला चालतो. जाड कामाला वरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा. दाब कमी झाला की वरचा थर कमी अडतो. हा फुकटचा उपाय आहे आणि नवा पाय विकत घेण्याआधी तोच करून बघावा.

दांडीचा पाय. वर सांगितलेल्या क्विल्टरचाच वंशज. समांतर आणि चौकटीच्या टिपांना. मावशींकडे दांडी नव्हती तेव्हा त्या मशीनच्या पाटावर कापडी टेप चिकटवून अंतर धरायच्या. हेतू एकच.

चालता पाय, म्हणजे वॉकिंग फूट. जाड गोधडीला आणि पॉलिस्टरला याच्यासारखा दुसरा नाही. दिसायला बोजड. त्याच्या एका फाट्याने सुईच्या पकडीचा स्क्रू धरलेला असतो. सुई वर असताना पायाचे स्वतःचे दाते वरचं कापड धरून खालच्या दात्यांबरोबरच मागे सरकतात. सुई खाली उतरली की ते उचलून पुन्हा पुढे येतात. म्हणजे वरच्या थरालाही कुणीतरी सरकवणारं मिळालं. टाका ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवावा, वेग कमी. उलटी टीप मारू नये, याची रचना पुढे जाण्यासाठी आहे. घेताना एक बघा, तुमच्या मशीनवर सुईच्या पकडीचा स्क्रू कोणत्या बाजूला आहे. फाटा तिथेच बसायला हवा.

रफूचा पाय. वेलबुट्टी, वळणं, नावं काढायला. इथे दाते खाली पाडायचे, किंवा ज्या मशीनवर ते पडत नाहीत तिथे वरून झाकणपट्टी बसवायची. हा पाय स्प्रिंगवर उड्या मारतो. टाका पडताना कापड दाबतो, सुई वर गेली की सोडतो. कापड सरकवायचं काम तुमच्या दोन हातांचं. पाय भरभर मारला आणि हात हळू फिरवला तर टाके बारीक, उलट केलं तर लांब. आपल्याकडचे भरतकाम करणारे कारागीर बऱ्याचदा पाय काढूनच टाकतात आणि कापड रिंगमध्ये ताणून बसवतात. ताणलेलं कापड सुईबरोबर उचललं जात नाही, म्हणजे रिंगच पायाचं काम करते. मात्र पाय काढला तरी त्याचा खटका खाली पाडायलाच हवा. तो वर असेल तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन सुटलेलं असतं आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो.

पाव इंचाचा पाय. तुकडे कडेला कड जोडून नक्षी करायच्या अमेरिकन पद्धतीत हा लागतो, कारण तिथे शिवणीची कड पाव इंच धरतात. आपल्या गोधडीत ठिगळ जोडत नाहीत, पायावर मांडून वरून शिवतात. त्यामुळे आपल्याला याची फारशी गरज नाही. हा एक पाय न घेण्यातही गोधडीची वेगळी घडण कळते.

पायाइतकीच सुई महत्त्वाची. तीन थरांना १४ नंबर, फार जाड असेल तर १६. बोथट सुई पॉलिस्टरचा तंतू ओढते आणि रेघ पडते. आणि शिवण्याआधी वीतभरापेक्षा कमी अंतराने पिना किंवा कच्चा दोरा घालायचाच. चालता पाय असला तरी.

गोधडी वाचायची कशी

इतिहासाच्या दृष्टीने कामाचा भाग हा आहे. पाय हरवतो, मशीन भंगारात जातं, पण त्याची खूण गोधडीवर राहते. गेल्या दोन वर्षांत हाताखालून गेलेल्या गोधड्यांवरून मी काही खुणा पक्क्या केल्या आहेत.

आडव्या टिपांजवळ सगळ्या चुण्या एकाच दिशेला कललेल्या असतील तर साधा पाय, आणि टिपा एकाच बाजूने सुरू केलेल्या. चुण्या एका ओळीत डावीकडे आणि पुढच्या ओळीत उजवीकडे असतील तर बाईने टिपांची दिशा आलटून पालटून मारली आहे. चुणी नाही, पण चकचकीत कापडाच्या वर आणि खाली दोन्ही बाजूंना दात्यांचे पुसट ओरखडे आहेत, तर बहुधा चालता पाय.

खडूची खूण नसताना टिपांचं अंतर काटेकोर सारखं आणि एका टिपेतला वाकडेपणा पुढच्या प्रत्येक टिपेत तसाच उतरलेला असेल, तर दांडी किंवा टेप. वळणावर टाके बारीक आणि सरळ जागी लांब असतील तर हाताने फिरवलेलं काम. वळणावरही टाका तितकाच भरला तर मोठ्या मशीनवरचं.

सुरतेत आता अनेक सुयांची क्विल्टिंग मशीनं चालतात. ताग्याच्या ताग्यावर एकदम नक्षी पडते. अशा कामात बऱ्याचदा मागच्या बाजूला साखळीटाका दिसतो, कारण त्याला बॉबिन बदलायला थांबावं लागत नाही. तोटा असा की एक टोक योग्य बाजूने ओढलं तर टीप उसवत जाते. एखादी सुई बिघडली की तीच चूक ठरलेल्या अंतरावर पुन्हा पुन्हा दिसते. अशा कापडाचा तागा आणून, त्याला घरी गोट लावून विकलेल्या रजयाही मी पाहिल्या. त्यांचा मधला भाग कारखान्याचा आणि कड घरची असते. एकाच वस्तूत दोन कामगार आहेत, आणि नोंदीत दोघांचीही जागा असली पाहिजे.

या खुणांवरून साल सांगता येत नाही, तसा दावाही करू नये. सांगता येतं ते इतकंच की बाईकडे काय साधन होतं, आणि जे नव्हतं त्यावर तिने काय तोड काढली. मला तरी इतिहास म्हणून हे साल कळण्याइतकंच मोलाचं वाटतं.

मावशींच्या हिशेबात हाताची गोधडी फावल्या वेळात महिना खायची, मशीनवर ती दोन दिवसांत होते. पण काम नगावर. चुणी पडली तर नग परत येतो आणि उसवायची मजुरी कुणी देत नाही. म्हणून पहिल्या कमाईतून त्यांनी चालता पाय घेतला. घरात तेव्हा मिक्सर नव्हता, हेही त्यांनीच सांगितलं. एखादीच्या घरच्या खर्चाच्या क्रमात एक लोखंडी पाय मिक्सरच्या आधी येतो, ही नोंद मला कुठल्याही दप्तरात सापडली नसती.

नोंद काय ठेवायची

संग्रहालयांत आपल्याला कापड बघायला मिळतं, हत्यार क्वचित. जुन्या मशीनबरोबरच्या पायांच्या पेट्या भंगारात किलोवर जातात. ज्यांच्या हाताने सुती लुगड्यावरून पॉलिस्टरवर उडी मारली त्या बायका आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या मुली शिवतात, पण त्यांना हाताची गोधडी शिवलेली नाही, म्हणजे दोन्ही रीती एकाच हातात असलेली ही शेवटची पिढी आहे.

म्हणून मंडळाच्या नोंदपत्रात ‘हाताची की मशीनची’ हा एकच प्रश्न काढून त्याजागी हे पाच घालावेत असं मी सुचवतो. शिवण कडेपासून सुरू झाली की मधून? थर कशाचे, सूत की पॉलिस्टर, आणि मध्ये काय? टाका कोणता, धावदोरा, लॉकस्टिच की साखळी? चुण्या आहेत का, आणि कोणत्या दिशेला? मशीन आणि पाय अजून घरात आहे का?

शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर पायाचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, वरून आणि तळातून. तळाचा जरूर, कारण झीज तिथे असते. वर्षानुवर्षं एकाच बाजूने कापड ओढणाऱ्या हाताने पायाचा एक कोपरा गुळगुळीत केलेला असतो. आणि फोटो काढताना ज्या बाईचं ते मशीन आहे तिला विचारा की तो पाय तिने कधी घेतला, आणि त्याआधी ती काय वापरायची.